मूकपटाला हलगीची साथ

महोदय,
बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सैरंध्री’ (१९२०) घडवला, त्या काळी पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसून साथ करत. परवा घरी फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) लावला आणि वरून चिकटवलेलं संगीत बंद केलं. फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजू लागली, तशी नातवानं आपणहून हलगी ओढली. नाग वळवळला की ठेका दुप्पट! मध्येच पोरगं सपशेल चुकलं, पण अंगावर काटा आला. शाहू स्मारक भवनात असा खेळ जरूर लावावा. वाजवणारे इथल्याच पेठांतले घ्यावेत, चाली नव्या बांधाव्यात. सिनेगाण्यांच्या धून मात्र कृपा करून नकोत. पुढच्या रांगेतली दोन तिकिटं आमची.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर