विल्यम्सच्या वाट्याला एक ओळ

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीतला काँगोवरचा पानभर लेख वाचला. काँगो खासगी जहागिरीसारखा लुटणाऱ्या बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची दाढी पाव पान अडवून बसली आहे, त्याच्या जुलमाला वाचा फोडणारे मोरेल आणि केसमेंट यांना स्वतंत्र चौकटी आहेत. ज्याने या सगळ्यांच्या आधी राजाला जाहीर जाब विचारला त्याच्यासाठी मात्र एकच ओळ : ‘एका अमेरिकी पाद्र्यानेही तक्रार केली होती.’ नावसुद्धा नाही!

नाव जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स. केसमेंटचा अहवाल आणि मोरेलची संघटना १९०४ सालची. विल्यम्सने लिओपोल्डला खुले पत्र लिहिले ते जुलै १८९० मध्ये, काँगो नदीच्या वरच्या अंगाला स्टॅन्ली धबधब्यापर्यंत जाऊन, सगळे डोळ्यांनी पाहून. राजाचे लोक बाहीत विजेची बॅटरी लपवत, तार तळहातापर्यंत आणत आणि हस्तांदोलन करताना गावच्या मुखियाला झटका देत. गोऱ्याच्या अंगात केवढी ताकद, असे वाटून तो मुकाट जमीन लिहून देई. भिंगाने चिरूट पेटवून सूर्य आपला दोस्त आहे असे भासवणेही चालेच. हे त्या पत्रात आहे. लेखकाला मसालाच हवा होता तर हा काय कमी होता?

आणि पाद्री म्हणून सोडून द्यावा असा हा माणूस नव्हता. चौदाव्या वर्षी खोट्या नावाने अमेरिकेच्या यादवी युद्धात शिरला, मग मेक्सिकोत लढला, पुन्हा अमेरिकी घोडदळात. अर्ज नीट लिहिता येत नव्हता तो १८७४ मध्ये न्यूटनच्या धर्मविद्यालयातून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय झाला. बॉस्टनला चर्च सांभाळले, वृत्तपत्र काढले, सिनसिनाटीला वकिली शिकला, १८७९ ला ओहायोच्या विधिमंडळावर निवडून गेला आणि वर आपल्या समाजाचा दोन खंडी इतिहास लिहिला. कर्नल ही पदवी तो मिरवत असे, हेही खरे. साधू नव्हताच तो. पण बॅटरीचा तपशील त्यामुळे खोटा ठरत नाही.

आता खरे सांगतो, मला एवढा राग का आला. काही वर्षांपूर्वी याच विल्यम्सवर मी आपल्याच पुरवणीसाठी लेख पाठवला होता. तिकीट लावलेल्या पाकिटासह. लेख परत आला नाही, पाकीटही नाही. फक्त कार्ड आले की ‘विषय चांगला, पण आपल्या वाचकांशी संबंध नाही.’ म्हणजे राजाशी संबंध आहे, राजाला जाब विचारणाऱ्याशी नाही! महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्यांना असे कार्ड पाठवणारे कोणी भेटले नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे. विल्यम्स तर फुल्यांच्याच काळातला. फुले १८९० च्या नोव्हेंबरात गेले, तो पुढच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ब्लॅकपूलला, क्षयाने, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी. १९७५ मध्ये जॉन होप फ्रँकलिन या इतिहासकाराने दगड बसवेपर्यंत त्याची कबर बिननावाची होती. आपण कालच्या अंकात ती परंपरा पुढे चालवलीत, याबद्दल आभार.

लेखकाविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी मिळाले ते वाचले असेल. पण पुरवणी कोणीतरी तपासत असेल ना?

जाता जाता, लेखासोबतच्या नकाशात लाल रंग भरला आहे तो ब्राझाव्हिलचा काँगो. तो फ्रेंचांचा होता. लिओपोल्डचा काँगो नदीच्या दुसऱ्या काठाला, किन्शासाचा. पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर कृपया ती शेअर बाजाराच्या तक्त्याखाली दडवू नये.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, मिरज