साहेब, रेडिओवर बोलणारा माणूस खरा की खोटा, हे बघायचं कुठं?

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री महोदय यांस,
स.न.वि.वि.

मी नागपूरचा, प्रताप नगरात राहतो, दिवसा विम्याच्या फायली आणि रात्री गच्चीवरच्या तारेला जोडलेला रेडिओ असं माझं आयुष्य आहे. हॅम रेडिओ म्हणतात त्याला, सरकारी कागदावर हौशी रेडिओ, म्हणजे आपल्या सेटवरून दुसऱ्या हौशी लोकांशी बोलायचं. रीतसर परीक्षा देऊन लायसन्स घेतलंय. १९७८ च्या नियमांत परीक्षेच्या गावांमध्ये नागपूर होतं म्हणून बरं, नाहीतर आम्हाला मुंबई गाठावी लागली असती.

मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, कारण लांब पत्रं शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. भारतातला कोणताही कॉल साईन, म्हणजे लायसन्सवरचं रेडिओ नाव, टाकला की तो चालू आहे का, कुणाच्या नावावर आहे, ग्रेड कोणती आणि जिल्हा कोणता, एवढं दाखवणारं एक सरकारी पान पाहिजे. लॉगिन नको, ओटीपी नको.

कॉल साईन म्हणजे आमचा गाडी नंबरच समजा. फरक इतकाच की एमएच ३१ म्हटलं की पानठेल्यावरचा पोट्टाही सांगतो नागपूरची गाडी, पण व्हीयू२ म्हटलं की जनरल, म्हणजे वरची ग्रेड, आणि व्हीयू३ म्हटलं की रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालची, बस. अंदमानला व्हीयू४ आणि लक्षद्वीपला व्हीयू७ आहे, बाकी अख्ख्या देशात माणूस काश्मीरचा की कन्याकुमारीचा ते कॉल साईनवरून काही कळत नाही. आणि गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला तर मालकाचं नाव अर्धं झाकून का होईना येतं, कागदपत्रं कधीपर्यंत चालू आहेत तेही येतं. म्हणजे ही गोष्ट आपल्या सरकारला जमते, फक्त आमच्याकडे कुणी बघितलं नाही.

आता हे पत्र का लिहून राहिलो ते सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला होता ती. आमच्याकडे लाईट गेलेली, मी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हँडसेट लावून टू मीटरवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, कान लावून बसलो होतो. साडेचारच्या आसपास एका पोराचा आवाज आला. पाणी घरात घुसलंय, आजी पलंगावर आहे, गादीला पाणी टेकलं, असं काहीतरी. त्यानं कॉल साईन दिला पण घाबरलेला होता, अल्फा ब्राव्हो चार्ली असं न म्हणता साधी अक्षरं बोलला, आणि शेवटचं अक्षर खरखरीत बी होतं की डी होतं की पी, देवाला माहीत. (ब्राव्हो, डेल्टा, पापा ही भानगड कशासाठी असते ते त्या रात्री पुरतं कळलं.) गल्ली सांगायच्या आधी आवाज गेला. दोनदा तीनदा हाक मारली, उत्तर नाही.

मोबाईलला रेंज येत-जात होती. तिन्ही अक्षरं लावून क्यूआरझेड डॉट कॉमवर शोधलं. ही साईट अमेरिकेची, जगातले सगळे हॅम तिथंच बघतात, आमच्या कोडमध्ये क्यूआरझेड म्हणजेच मला कोण बोलावतंय. पण तिथली माहिती ज्याची त्यानं भरायची असते. बी चं पान नाही, डी चं पान नाही, पी चा माणूस केरळातला निघाला. मग आपत्ती कंट्रोल रूमला फोन लावला, तिथला माणूस म्हणाला पत्ता सांगा, नाव सांगा, नुसता रेडिओवर आवाज आला म्हणून आम्ही बोट कुठं पाठवायची? त्याचं काय चुकलं? कोणी टवाळखोरही असू शकला असता, चायनाचा हँडसेट घेऊन बिनालायसन्स बडबड करणारे काय कमी आहेत, २०२५ मध्ये ऑनलाईन वॉकीटॉकी विक्रीवर सरकारला नियम उगाच आणावे लागले नाहीत.

दोन दिवसांनी आमच्या ग्रुपवर त्या पोराचा पत्ता लागला. सुखरूप होता, आजीला शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं होतं. नुकतंच लायसन्स मिळालेला, अक्षर डी. घर माझ्या साळ्याच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून, आणि साळा त्या रात्री कोरड्यात जागाच होता. डी समोर नुसतं नाव आणि नागपूर जिल्हा एवढं दिसलं असतं तरी मी त्याच मिनिटाला ग्रुपवर नाव टाकलं असतं, ओळखणारा कोणीतरी निघालाच असता.

दुसरी गोष्ट लहान आहे पण मला जास्त लागली. मला मोर्स शिकवणारे काका धरमपेठेत राहायचे. त्यांच्याकडे जुनं छापील कॉलबुक, म्हणजे कॉल साईनची यादी, होतं, टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड, आणि बुटाच्या खोक्यात क्यूएसएल कार्डं, म्हणजे बोलणं झाल्याची पोचपावती म्हणून हॅम एकमेकांना पाठवतात ती, त्यात रशियन हॅमची कार्डं, पत्ता सगळ्यांचा एकच, बॉक्स ८८ मॉस्को. काका गेले. आमच्यात गेलेल्या माणसाला सायलेंट की म्हणतात. मागच्या हिवाळ्यात ४० मीटरच्या पट्ट्यात कोणीतरी चक्क काकांचा कॉल साईन देऊन बोलत होता. मी गारच पडलो. तो कॉल साईन दुसऱ्या कुणाला दिला गेलाय की कुणी चोरून वापरतोय, अजून मला कळलेलं नाही, आणि काकूंना काय सांगू हेही कळलं नाही म्हणून सांगितलंच नाही.

अमेरिकेत काय आहे बघा. तिथं एफसीसीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, साईटवर कॉल साईन टाकला की नाव, पत्ता, लायसन्स कधी संपतं, सगळं फुकट दिसतं. त्यामुळे लॉगबुक ऑफ द वर्ल्ड म्हणून जे कॉन्टॅक्ट पक्के करायचं ऑनलाईन रजिस्टर आहे, त्यात तिथल्या माणसाची खात्री त्यांच्या सरकारी यादीवरून होते. आणि मी? मी माझ्या भारत सरकारच्या लायसन्सचा स्कॅन आणि वर अजून एक ओळखपत्र हे रजिस्टर चालवणाऱ्या संस्थेला अमेरिकेत कनेक्टिकटला पाठवलं, तेव्हा तिथल्या लोकांनी मान्य केलं की हा नागपूरचा माणूस खरा आहे. हसू येतं आणि रागही येतो.

पण साहेब, त्यांचं सगळंच उचलू नका. घराचा पत्ता उघड्यावर टाकायची मला अजिबात हौस नाही, विशेषतः एकट्या राहणाऱ्या बायका आणि शाळकरी पोरं यांचा. बाराव्या वर्षापासून लायसन्स मिळतं, त्या पोरीचा पत्ता कुणालाही का दिसावा? लोकांना नाव, जिल्हा, ग्रेड आणि चालू-बंद एवढंच दाखवा, नावही नको असेल तर झाकायची सोय द्या. पूर्ण पत्ता फक्त जिल्ह्याच्या आपत्ती कंट्रोल रूमला दिसू द्या, म्हणजे पुढच्या वेळी तिथला माणूस पत्ता सांगा म्हणणार नाही, तोच मला सांगेल. आणि सायलेंट की झालेल्यांसाठी एक खूण ठेवा, घरच्यांनी दाखला जोडला की यादीत दिसलं पाहिजे. आजन्म लायसन्स असलेला माणूस कागदावर नाहीतर कधी मरतच नाही.

या उघड्या पत्रात मी माझा कॉल साईन दिलेला नाही, पोस्टानं पाठवलेल्या प्रतीवर आहे. तो खरा आहे का हे तपासायला आपल्या माणसाला किती वेळ लागला, तेवढं मात्र उत्तरात कळवा.

७३ (म्हणजे शुभेच्छा, आमच्यात शेवटी असंच लिहितात)

आपला,
एक व्हीयू३, प्रताप नगर, नागपूर