खाणीजवळची घरे

महोदय,

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात ऱ्हायोलाइट हे सोन्याच्या खाणींचे ओसाड गाव आहे. वाळवंटात लाकूड दुर्मीळ आणि दारूचे गुत्ते मात्र पुष्कळ. म्हणून १९०६ च्या सुमारास टॉम केली यांनी सुमारे ५० हजार रिकाम्या बाटल्या मातीत रचून घर बांधले. ते अजून उभे आहे.

त्याची आठवण मला परवा आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या बिलौआजवळ झाली. गिट्टीच्या क्रशरांपलीकडे मजुरांच्या दहा-बारा झोपड्या दिसल्या. टाकाऊ दगड नुसते एकावर एक रचलेल्या भिंती. वर निवडणुकीचे जुने फ्लेक्स, फाटकी ताडपत्री, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून ट्रकचे झिजलेले टायर. एका बाईंनी तेलाचे डबे कापून, ठोकून सपाट करून दार केले होते. बिजागरीच्या जागी चपलेचे रबर! हात किती कसबी आहेत बघा. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्या प्लास्टिकखाली तान्हे बाळ कसे निजत असेल? शिवाय दगडाची धूळ, अगदी चुलीवरच्या पातेल्यातसुद्धा.

२०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला, तो खाणींची झळ सोसणाऱ्यांसाठीच. त्यातून या वस्त्यांना पक्के छप्पर आणि पिण्याच्या पाण्याची टाकी मिळावी. पावसाळ्याआधी अधिकाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर