मॅडम, तुम्ही माझ्या स्टुलावर बसलात म्हणून

मॅडम, नमस्कार. समोर बोलायला गेलो की घसा दाटतो, म्हणून इथे लिहितोय, आणि सगळ्यांनी वाचावं असंही वाटतंय.

आमच्या शाळेत ड्रॉइंगला सरच नव्हते, त्यामुळे मी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्याच नाहीत. तुमच्या आधी जे शिकवायचे त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात माझ्या शीटवर लाल पेननं आरपार फुली मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, साधा ग्लास येत नाही तर डिझाइनला आलास कशाला. काय चुकलं ते सांगितलंच नाही. पोरगं शिकायलाच आलंय ना, मग चूक कुठं आहे तेवढं तरी सांगा की! तो राग अजून गेलेला नाही. मी घरी सांगून टाकलं होतं की कॉलेज सोडतो आणि पप्पांबरोबर कारखान्यात येतो.

मग तुम्ही आलात. तोच स्टीलचा ग्लास, तेच टेबल. माझं चित्र बघून तुम्ही फक्त "ऊठ जरा, तुझ्या जागेवरून बघू दे" म्हणालात, साडी सावरत त्या बुटक्या स्टुलावर बसलात, माझ्या उंचीला येईपर्यंत मान खाली घेतलीत आणि एक डोळा मिटून, हात ताठ करून पेन्सिल धरलीत. "वरची कड बरोबर काढलीस की. ती तुझ्या डोळ्यासमोरच आहे, इथून चपटीच दिसणार. तळ खाली आहे, तिथला इलिप्स, म्हणजे लंबगोल, जास्त उघडा पाहिजे, तू सरळ रेघ मारलीस." आणि हे दाखवायलासुद्धा माझ्या शीटवर पेन्सिल लावली नाहीत, वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढलंत. आधीचे सर उभ्यानं बघून गेले होते, उभ्यानं बघितलं की ग्लासचं तोंड उघडंच दिसतं, आणि मी दीड महिना समजत होतो की माझ्या डोळ्यातच काहीतरी खोट आहे.

नंतर भुईकोट किल्ल्यात नेलंत तेव्हा बुरुजाच्या वरच्या कडा कमानीसारख्या वर का वळतात हे मला कुणी सांगावं लागलं नाही, त्या डोळ्याच्या पातळीच्या वर होत्या ना.

पप्पांचा ग्राफ तर मी लाजत लाजत आणला होता. चादरीवर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागासाठी ते ग्राफ पेपरवर चौकोन भरून नक्षी काढतात. तुम्ही मोराची मान बोटानं चौकोन मोजत बघितलीत, गोलाई कशी पायरी-पायरीनं आणलीय म्हणून, आणि तो कागद आमच्या आयसोमेट्रिक शीटच्या (३० अंशाच्या तिरक्या रेघांनी वस्तूच्या तीन बाजू दाखवतात ते चित्र) शेजारी लावून वर्गाला सांगितलंत की या दोन्हीत लांबची वस्तू लहान होत नाही, कारण कारागिराला माप लागतं. पप्पांना घरी जाऊन हे सांगितलं तर ते लई वेळ गप्प बसले.

चांगुलपणाला काही मोठं लागत नाही हो, पण तेवढंही कितीजण करतात?

तो ट्रेसिंग पेपर माझ्या ड्रॉइंग बोर्डाच्या मागे चिकटवलाय. आई म्हणतीय मॅडमना जेवायला बोलव, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करते. येत्या रविवारी जमेल का?