मदत मागण्याचीही रीत असते

महोदय,
‘लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट दिसत नाही’ एवढ्याच तक्रारीवर कोणी काय उत्तर देणार? लिब्रेऑफिस हे लेखन, तक्ते वगैरेंसाठीचे मोफत सॉफ्टवेअर; त्याच्या वापरकर्त्यांना ऑनलाइन फुकट मदत करणाऱ्यांना आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि फॉन्टचे नाव लागते. ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’ची माहिती जशीच्या तशी चिकटवावी, बिघडलेली फाइल जोडावी, खासगी मजकूर मात्र आधी पुसावा. ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे आपल्या सेटिंग्ज तात्पुरत्या बाजूला ठेवून प्रोग्रॅम सुरू केल्यावर, अडचण नाहीशी झाली, तर दोष बहुधा आपल्याच प्रोफाइलमध्ये (साठवलेल्या सेटिंग्जमध्ये) किंवा एक्स्टेन्शनमध्ये (वरून जोडलेल्या सुविधेत). स्टाइलमध्ये फॉन्ट बदलूनही देवनागरी तशीच राहते, कारण तिचा फॉन्ट ‘सीटीएल’खाली (‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’, म्हणजे देवनागरीसारख्या जटिल लिप्यांसाठीचा विभाग) वेगळा निवडावा लागतो, हे नवख्याला कुठून कळावे? जाणत्यांनी ‘मॅन्युअल वाचा’ म्हणून झटकण्याऐवजी नेमका मेनू सांगावा. उपाय लागू पडला की नाही, हे विचारणाऱ्याने कळवावे. बरेच जण तिथेच गायब होतात.

– एक वाचक, सातारा