सुनेचा पहिला नाताळ

निर्मळ, वसई
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय सुमे,

तू नाताळच्या तयारीची यादी मागितलीस. यादी मिळणार नाही, पत्र मिळेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर एवढं लिहायला गेले तर माझे अंगठे दुखतात.

तुझा हेतू कळला मला. जूनमध्ये सून घरात आली, तिचा हा सासरचा पहिला नाताळ. माहेर आठवून तिच्या डोळ्यांत पाणी यायला नको, म्हणून तू नाशिकच्या मेन रोडवर जाऊन झाड, चांदण्या, लाल टोपीवाला म्हातारा असं सगळं एका फेरीत उचलून आणणार. आण बाई, दुकानदाराचंही भलं होईल. पण त्याआधी तिला समोर बसव, चहा दे आणि विचार, तुमच्याकडे नगरला काय काय करायचात? कारण तू विचारते आहेस मला, आणि मी पडले वसईची कॅथलिक. ती नगरच्या मिशनच्या चर्चमधली, म्हणजे प्रोटेस्टंट. दोघी ख्रिस्ती हे खरं, पण देशस्थांच्या उभ्या गौरी कशा बसवायच्या हे खड्याच्या गौरीवाल्या कोकणस्थ बाईला विचारण्यातला हा प्रकार आहे.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तुझी सून अजून नगरच म्हणते ना?) त्या मंडळींचा मूर्तींवर भर नसतो. त्यांचा जीव भजनात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्यांना पेटी, टाळ, कीर्तन असं सगळं आपल्या मातीतलं गाणं देऊन ठेवलंय. माझी नगरची एक सहकारी होती. तिच्या घरी नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, डबे भरून फराळ असायचा आणि रात्री सगळं घर भजनाला बसायचं. दारावर एक चांदणी. बास. तेव्हा तू हौसेने मरिया-योसेफाच्या मूर्ती आणून ठेवशील आणि ती बिचारी संकोचाने काही बोलणार नाही, असं व्हायला नको. आणि तुझ्या भजनी मंडळाची पेटी कोपऱ्यात खोळ घालून पडलेली असते, ती आधी बाहेर काढ. तिच्या आजीचं एखादं भजन तिला येतच असेल. चाल तू बसव.

आता आमच्याकडचं. तुला ते थोडंफार ठाऊक आहे, पण तू नेहमी सण उरकल्यावर, मे महिन्यात जांभळं खायला येतेस. तयारी कधी पाहिली नाहीस.

आमच्या घरात नाताळ म्हणजे गोठा, येशूजन्माचा मांडलेला देखावा. झाड नंतर आलं. लहानपणी तर झाड म्हणजे किनाऱ्यावरच्या सुरूची एक फांदी, मातीच्या कुंडीत खोचलेली, तिच्यावर पिंजलेल्या कापसाचं बर्फ. वसईत बर्फ! आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. पण गोठ्याशिवाय सण नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी खरा पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून नाताळची मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, करवली, तिथून ही प्रथा पसरली असं आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगायचे. गंमत म्हणजे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बैल-गाढव कुठेच नाहीत. नुसती गव्हाण आहे. पण गव्हाण म्हटली की जनावर आलंच, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आमचे पप्पा गोठा बांधायचे तो आमच्याच वाडीतल्या सामानाने. भात झोडून झालेलं असायचं, त्यामुळे पेंढा घरचा. छपराला माडाच्या झावळ्या विणून. डोंगर करायला सिमेंटच्या गोणीचा खाकी कागद चुरगाळायचा, त्यावर मैद्याची खळ फासायची आणि वाळला की गेरू, चुना, थोडा कोळसा. आरशाचा तुकडा मांडून त्याच्या कडेने वाळू टाकली की तळं झालं. आणि हिरवळीसाठी आई वेताच्या चपट्या टोपलीत गहू किंवा नाचणी पेरायची. तू नवरात्रात घट बसवतेस, तेव्हा हे तुला शिकवायला नको. फक्त एक सांगते. इथे दमट हवेत बाराव्या-तेराव्या तारखेला पेरलं तरी चोविसाव्या तारखेपर्यंत चार बोटं वाढतं, पण नाशिकच्या थंडीत कोंब निघायला वेळ लागतो. सुनेला गोठा हवा असेल तर गहू याच आठवड्यात भिजत घाल. पेंढा इगतपुरीकडून कोणी येणार असेल तर मागव. द्राक्षांच्या खोक्यातली कागदाची कात्रणं पेंढा म्हणून चालवू नकोस, तुझी काटकसर मला माहीत आहे.

आणि तुझा बैल अजून आहे बरं का! आमच्या मूळ संचातला बैल फुटला तेव्हा तू पोळ्याचा मातीचा बैल आणून दिला होतास, झूल रंगवलेला. इतर मूर्तींच्या मानाने तो दुप्पट मोठा, त्यामुळे दरवर्षी योसेफ त्याच्या पोटाखाली उभा असल्यासारखा दिसतो. एक शिंग गेलंय. माझा भाऊ नवा आणू म्हणतो, आई आणू देत नाही.

मांडणीचे आमचे नियम आहेत, आणि ते कुठे लिहिलेले नाहीत. चोविसाच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी. बाळाची मूर्ती आईच्या कपाटात, तिच्या सासूच्या लाल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. मिस्सेहून आल्यावर घरातलं सगळ्यात लहान पोर ती आणून ठेवणार. तीन राजे मात्र गोठ्याजवळ फिरकायचेही नाहीत, कारण ते बाळाला भेटायला लांबून येतायत. ते निघतात फ्रिजवरून. मग मुलं त्यांना रोज थोडं थोडं सरकवतात. टीव्हीशेजारी, खिडकीत, शोकेसवर, आणि ६ जानेवारीला एकदाचे पोचतात. (चर्चमध्ये तो सण हल्ली त्याच्या आसपासच्या रविवारी करतात, पण आई सहा तारीख सोडत नाही.) एका वर्षी एक राजा पोचलाच नाही. पुढे पावसाळ्यात कपाट हलवलं तेव्हा मागे सापडला.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. हिरव्या डहाळ्यांचं कडं करायचं, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची, तिसऱ्या रविवारी गुलाबी. आज दुसरी लागली. हे कडं मूळचं जर्मन प्रोटेस्टंटांचं, हॅम्बुर्गच्या एका पाद्रीने १८३९ मध्ये निराधार मुलांसाठी केलेलं, म्हणजे तुझ्या सुनेच्याच बाजूचं म्हण ना! आम्ही उचललं आणि आता आमचंच असल्यासारखं मिरवतो.

चांदणीचं सांगते, कारण ती तुला जमेल आणि ती नगरलाही चालते. दिवाळीच्या कंदिलाच्या बांबूच्या काड्या उरल्या असतील. पाच टोकांच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून टोकं दोऱ्याने आवळायची आणि मधल्या पाच कोनांत छोट्या काड्या आडव्या बसवायच्या, म्हणजे पोट फुगतं. वर पतंगाचा कागद. खळीत चिमूटभर मोरचूद घातला तर झुरळं कागद खात नाहीत, पण हात स्वच्छ धू. आत पिवळा बल्ब, तोही छोटाच. ते लुकलुकणारे निळे दिवे लावणार असशील तर मला फोटो पाठवू नकोस. आमच्या गल्लीत सध्या एका घरी तेच लागलेत आणि रात्री खिडकीतून पोलिसांची गाडी आल्यासारखं वाटतं.

आता खरी बातमी. यंदा गोठ्याची पाळी माझ्याकडे आहे.

गणपतीची पाळी काय असते ते तुझ्यासारख्या चार जावांच्या घरातलीला सांगायला नको. पप्पा गेले, घर पाडून इमारत झाली, भाऊ वेगवेगळ्या मजल्यांवर गेले. भांड्यांच्या, दागिन्यांच्या, विहिरीच्या पाण्याच्यासुद्धा वाटण्या झाल्या. गोठ्याच्या मूर्तींवर गाडं अडलं. थोरला म्हणाला, मेंढपाळ आणि मेंढ्या धाकट्याने न्याव्यात, बाकी माझ्याकडे. धाकटा म्हणाला, नुसत्या मेंढ्या घेऊन मी काय करू? तेव्हा आईने पेटी स्वतःच्या पलंगाखाली सरकवली आणि पाळी लावून दिली. एक वर्ष थोरला, एक वर्ष धाकटा, आणि ज्याच्याकडे गोठा त्याच्याकडे चोविसाच्या रात्री सगळे. धाकटा दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. त्याची पाळी आली तशी मी म्हटलं, मग माझ्याकडे द्या की. लगेच वहिनी म्हणाल्या, लग्न झालेल्या मुलीकडे पाळी जाते होय? वातावरण तंग. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "बाळाला कोणाच्या आडनावाचं काय पडलंय? त्याला जिथे जागा मिळाली तिथे तो जन्मला."

यावर कोण काय बोलणार? पेटी माझ्या घरी आली. वहिनींचा राग दोन दिवस टिकला. मग त्यांनीच विचारलं, झावळ्या कोण विणणार आहे, तुला येतात का? मला येत नाहीत. त्या येणार आहेत शनिवारी.

वाडी आता नाही, तेव्हा झावळ्या शेजारच्या आळीतून मागून आणायच्या आणि पेंढा विकत. मुलगा म्हणतो, आई, तयार फायबरचा गोठा मिळतो, घडी घालून ठेवता येतो. मिळतो, माहितीये मला, दिसतोही बरा. पण मग वहिनी शनिवारी कशाला येतील?

खाण्याचं थोडक्यात लिहिते, कारण तुझ्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही आणि आमचं निम्मं नाताळ अंड्यावर आणि उरलेलं इंद्यालावर, म्हणजे मांसाच्या तिखट रश्शावर. फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ तर पूर्वी ताडीने फुगवायचे. पहाटेची ताडी, नारळाचा रस, मैदा, अंडी. मग मुठीतून पिळून अंगठ्याच्या बेचक्यातून गरम तेलात गोळे सोडायचे. आता ताडी नाही, यीस्ट आहे, आणि चव उतरली आहे. याबाबतीत मी जुन्या काळची रडी म्हातारी आहे हे कबूल. तू कुलकुल कर. मैदा, रवा, नारळाचं दूध, पिठीसाखर, मोहन. अंड्यावाचून होतात. गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबून वळवायची की शिंपल्यासारखी रेघ उमटते, मग तळायची. काटा नसला तर नवा कोरा कंगवा चालतो, आम्ही कंगव्यावरच शिकलो. एकटीने करू नकोस, कंटाळशील. मुलाला, सुनेला, नवऱ्यालासुद्धा पाटावर बसव. नवरा कच्च्या गोळ्या खाईल, लक्ष ठेव.

लाल टोपीवाला म्हातारा आण किंवा नको आणू, माझं काही म्हणणं नाही. पोरांना आवडतो.

हो, आणि मध्यरात्री घंटा हवी असेल तर तुमच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आमचीच आहे! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाची. तिच्यावर १७२१ साल आहे म्हणतात. सुनेला घेऊन एकदा जा आणि तिला सांग की वसईहून सासरी आलेली ही पहिली. आम्ही परत मागत नाही.

तर काय ठरलं? चोवीस-पंचवीस तुम्ही नाशिकला करा, तिच्या पद्धतीने. त्या दिवशी तिला वसईला आणू नकोस, तिचा पहिला नाताळ तिच्या नव्या घरातच होऊ दे. आमच्याकडे या ३ जानेवारीला, शनिवार आहे. सहापर्यंत राहा, राजे पोचवून जा. निर्मळच्या जत्रेतली सुकेळी तुझ्यासाठी बांधून ठेवली आहेत. येताना चिवडा आण, तिखट. आणि जमलं तर पोळ्याच्या बैलांपैकी एखादा उरलेला कुंभाराकडे मिळतो का बघ, पण या वेळी लहान. जुन्याला काढणार नाही, जोडीला हवाय.

सुनेला आशीर्वाद. आईने तुझी चौकशी केली आहे.

तुझी,
रेमी