ताई सावरली, मग मीच का?

बडोदा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "त्याच घरात ताईही वाढली, ती ठणठणीत आहे. मग डिप्रेशन मलाच का, मीच असा कच्चा का?" तेव्हा माझा गळा दाटून आला, म्हणून आता लिहून सांगते.

तू कच्चा नाहीस. आई म्हणून समजूत घालत नाहीये, वाचून लिहितेय. अमेरिकेत १९९५ ते ९७ या काळात १७ हजारांहून जास्त मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारलं गेलं. मारहाण, पाणउतारा, घरात दारुडं माणूस, आईवर उगारलेला हात. ज्यांच्या वाट्याला अशा चार किंवा जास्त गोष्टी आल्या, त्यांच्यात डिप्रेशनचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त निघालं. गुजरातेत दारूबंदी असूनही आपल्या घरात बाटली यायची, आणि पुढचं तू पाहिलंयस.

रात्री जिन्यावर पावलं वाजली की तू पांघरुणात अंग चोरून जागा राहायचास. लहान शरीर वर्षानुवर्षं असं सावध राहिलं की ताण सांभाळणारी यंत्रणाच हळवी होते. मग मोठेपणी नोकरी जाणं, नातं तुटणं असा धक्का बसला की तो अशा माणसाला जास्त खोल लागतो. यात स्वभावाचा दोष कुठे आला?

आता ताईचं. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, व्यसन अशा घरांतल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश चांगली निभावली. त्यांच्यात बहुतेकांना कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस लाभलं होतं: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. तग धरण्याची ताकद मूल एकट्याने पोटातून घेऊन येत नाही, ती अशा माणसांकडूनही मिळते.

ताईला आजी मिळाली. दांडिया बाजारातल्या वाड्यात आरडाओरडा सुरू झाला की आजी तिला घेऊन थेट सूरसागरच्या काठी जायची, घर शांत झाल्यावरच परतायची. ताई कॉलेजात जाईपर्यंत हे चाललं. आजी गेली तेव्हा तू तिसरीत होतास, आणि ताई होस्टेलवर. एकच घर म्हणतोस, पण तुमची बालपणं एकसारखी नव्हती रे. शिवाय ताईही आवाज चढला की अजून खोलीबाहेर निघून जाते. हे तुला कळवायला तिनेच सांगितलंय.

त्या काउआईच्या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. विशीच्या आत जी मुलं पार बिघडली असं वाटत होतं, त्यांतली बरीच तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कुणाला चांगला जोडीदार मिळाला, कुणी पुन्हा शिकलं, कुणाला आपली माणसं सापडली. भरवशाचं माणूस मोठेपणी भेटलं तरी उपयोग होतो. तू अजून तिशीचाही नाहीस.

म्हणून डॉक्टरांना लहानपणचं सगळं सांग, फक्त झोप आणि भूक सांगून उठू नकोस. बालपणी असं सोसलेल्यांचं डिप्रेशन पुन्हा उलटण्याची आणि रेंगाळण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे त्यांना ते माहीत हवं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं तरी मनाने बंद करू नकोस. समुपदेशनाचंही विचार. घरातली गोष्ट बाहेर कशाला, असं मनात आणू नकोस. मी सांगतेय, बाहेर जाऊ दे. आणि रात्री नको ते विचार आले तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, तिथे मराठीतही बोलता येतं.

रविवारी मी पुण्याला पोचतेय. स्वयंपाकाचं काही आणून ठेवू नकोस, मी बघेन. डॉक्टरांची पुढची वेळ सोमवारची मिळते का, तेवढं आजच विचारून घे. तुला चालणार असेल तर मीही बरोबर येईन.

तुझी,
आई